नेटवर्क केबलिंगची अवजारे: निवड, जोडणी आणि दोष शोधण्याची रीत

केबल टेस्टरवरचे आठही दिवे ओळीने लागले म्हणजे केबल ठीक आहे, हा समज मुंबईतल्या लहान कार्यालयांत आणि गृहनिर्माण सोसायट्यांत जितका पक्का आहे तितकाच तो अपुरा आहे. तो टेस्टर एवढेच सांगतो की एका टोकाची पहिली तार दुसऱ्या टोकाच्या पहिल्या खाचेपर्यंत पोहोचली, दुसरी दुसरीपर्यंत, आणि याच क्रमाने आठवी आठवीपर्यंत. तार तांब्याची आहे की अॅल्युमिनियमची, दोन-दोन तारांच्या जोड्यांचा पीळ शाबूत आहे की सुटला आहे, त्या केबलवरून गिगाबिट (सेकंदाला १,००० मेगाबिट) वेगाने माहिती जाईल की नाही, कॅमेऱ्याला लागणारी वीज ती वाहून नेईल की नाही, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्या दिव्यांत नसते. प्रत्येक अवजार एका ठरावीक प्रश्नाचे उत्तर देते. ते कोणत्या प्रश्नाचे, हे ठाऊक असले की महागडी यंत्रे न घेताही बहुतेक दोष हाती लागतात. दादरमधले दोन खोल्यांचे कार्यालय किंवा बोरिवलीतली सात मजली सोसायटी अशी कामे डोळ्यांसमोर ठेवून, केबल विकत घेण्यापासून दोष शोधण्यापर्यंतचा क्रम पुढे दिला आहे.

केबल घेताना करायच्या तपासण्या

नव्या कामासाठी कॅट ६ घ्यावी (कॅट म्हणजे केबलचा मानक वर्ग), हे माझे सरळ मत आहे. कॅट ५ई केबल १०० मीटरपर्यंत गिगाबिट वेग व्यवस्थित देते. त्यामुळे जुन्या इमारतीत भिंतीत आधीच टाकलेली कॅट ५ई सुस्थितीत असेल, तर ती केवळ नाव जुने म्हणून उपटून काढण्याचे कारण नाही. कॅट ६ केबलवर १० गिगाबिटचा वेग साधारण ५५ मीटरपर्यंतच मिळतो, तोच वेग पूर्ण १०० मीटर हवा असेल तर कॅट ६ए लागते. मात्र कॅट ६ए जाड आणि ताठ असते, आणि आपल्याकडच्या फ्लॅटमध्ये भिंतीत पुरलेल्या २० किंवा २५ मिलिमीटरच्या पाइपांत अशा दोन-तीन केबल एकत्र ओढणे फार त्रासाचे होते. घरात किंवा लहान कार्यालयात तो खटाटोप क्वचितच सार्थकी लागतो.

याहून मोठा प्रश्न तारेच्या धातूचा आहे. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेल्या अॅल्युमिनियमच्या तारेची केबल सर्रास मिळते, आणि तिच्या बॉक्सवरही कॅट ६ असेच छापलेले असते. केबलिंगच्या मानकांनुसार तार पूर्ण तांब्याची असावी लागते, त्यामुळे अशी केबल त्या वर्गात मुळात बसतच नाही. तिची पारख करण्याचे तीन मार्ग आहेत. पहिला मार्ग ब्लेडचा: तारेवरचे प्लास्टिक काढून तार हलक्या हाताने खरवडावी, आणि आतून पांढरट चमक दिसली तर ते अॅल्युमिनियम समजावे. दुसरा मार्ग वजनाचा: त्याच प्रकारच्या खऱ्या केबलच्या बॉक्सच्या तुलनेत हा बॉक्स हाताला ठळकपणे हलका लागतो. तिसरा आणि सर्वांत विश्वासाचा मार्ग मल्टिमीटरचा आहे.

मल्टिमीटरची तपासणी अशी करावी. ३०५ मीटरचा बॉक्स उघडून केबलची दोन्ही टोके बाहेर काढावीत. एका टोकाला एकाच जोडीच्या दोन तारा, म्हणजे समजा निळी आणि पांढरी-निळी, सोलून एकमेकींना घट्ट पिळाव्यात. दुसऱ्या टोकाला त्याच दोन तारांमधला रोध ओहममध्ये मोजावा आणि त्यातून मीटरच्या स्वतःच्या वायरींचा रोध वजा करावा. कॅट ५ईची खरी तांब्याची केबल असेल तर पूर्ण बॉक्सचा हा आकडा साधारण ५० ते ५७ ओहमच्या दरम्यान येतो. कॅट ६ची तार किंचित जाड असल्याने तिचा आकडा ४० ते ४५च्या आसपास राहतो. अॅल्युमिनियमच्या केबलचा आकडा ७०च्या वर सरकतो, आणि तार बारीक करून आणखी बचत केलेली असेल तर त्याहूनही पुढे जातो. ग्रँट रोड स्थानकाजवळच्या लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे आजच्या डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, घाऊक खरेदी करणाऱ्याने ही तपासणी पैसे देण्यापूर्वी करण्याचा आग्रह धरावा. दुकानदाराने बॉक्स उघडायला नकार दिला तर तेही एक उत्तरच समजावे.

गच्चीवरून किंवा इमारतीच्या बाहेरच्या भिंतीवरून जाणाऱ्या केबलसाठी घरातली राखाडी केबल वापरू नये. तिचे पीव्हीसीचे आवरण उन्हाने कडक होऊन तडकते, जूनमध्ये पाऊस सुरू झाला की त्या तड्यांतून पाणी आत शिरते आणि तारांच्या कडेकडेने कित्येक मीटर पुढे सरकते. बाहेरच्या वापरासाठी काळ्या पॉलिथिनच्या आवरणाची, आणि जमेल तेथे आत जेल भरलेली केबल मिळते, ती घ्यावी.

पिशवीतली अवजारे आणि त्यांची निवड

क्रिम्पर हे सर्वांच्या परिचयाचे अवजार आहे, आणि काटकसर करताना पहिली कुऱ्हाड त्याच्यावरच पडते. आरजे-४५ कनेक्टरच्या, म्हणजे केबलच्या टोकाला बसणाऱ्या प्लास्टिकच्या प्लगच्या, आठही धातूच्या पट्ट्या एकाच वेळी आणि एकसारख्या खोलीपर्यंत दाबल्या जाणे हे त्याचे काम. स्वस्त क्रिम्परचा जबडा दाब देताना किंचित वाकतो, आणि मग कडेच्या पट्ट्या पूर्ण बसतात पण मधल्या चौथ्या-पाचव्या पट्ट्या केसभर वर राहतात. असा कनेक्टर त्या दिवशी टेस्टरवर उत्तीर्ण होतो आणि काही महिन्यांनी, दमट हवेत पट्ट्यांवर गंज धरू लागला की, अधूनमधून संपर्क सोडू लागतो. त्यामुळे रॅचेट असलेला, म्हणजे पूर्ण दाब बसल्याशिवाय न सुटणारा क्रिम्पर घ्यावा. दुकानातच एक कनेक्टर दाबून तो डोळ्यांसमोर आडवा धरावा आणि आठही पट्ट्यांची वरची कड एका रेषेत आहे का ते पाहावे. तारा समोरून आरपार बाहेर येणारे कनेक्टर हल्ली लोकप्रिय आहेत आणि शिकाऊ माणसाला ते सोपेही जातात, परंतु त्यांना बाहेर आलेल्या तारा सफाईने कापणारा वेगळा क्रिम्पर लागतो. त्याचे पाते बोथट झाले तर कापलेल्या तारांचे टोक शेजारच्या तारेला चिकटते.

कनेक्टर घेताना आणखी एक गोष्ट विचारून घ्यावी. भिंतीतून जाणाऱ्या केबलमध्ये प्रत्येक रंगाची एकच अखंड तार असते, तर पॅच कॉर्डमध्ये, म्हणजे यंत्र जोडायच्या लवचीक तयार केबलमध्ये, बारीक तारांचा झुपका असतो, आणि दोन्हींसाठी कनेक्टरच्या पट्टीचे दात वेगळ्या घडणीचे असतात. कॅट ६च्या जाड तारा कॅट ५ईच्या कनेक्टरमध्ये कोंबल्याने पुष्कळ काम वाया जाते. समुद्राजवळच्या भागात पट्ट्यांवरचा सोन्याचा मुलामा जितका जाड तितका चांगला, येथे चार पैसे अधिक गेले तरी चालतील.

आवरण काढण्यासाठी कात्री किंवा दात वापरणाऱ्यांना एकच विनंती आहे, की गोल फिरवायचा स्ट्रिपर घ्यावा. तो अत्यंत स्वस्त असतो आणि आतल्या तारांना काप जाऊ देत नाही. पाते किती खोल जाते ते आधी केबलच्या टाकाऊ तुकड्यावर जुळवून घ्यावे.

तारा खाचेत दाबून बसवणारे पंचिंग टूल घेताना मात्र गोंधळ होतो, कारण त्याची दोन वेगळी पाती प्रचलित आहेत. जुन्या इमारतींतल्या टेलिफोनच्या जोडणीपेट्यांत क्रोन पद्धतीच्या पट्ट्या असतात, तर संगणक नेटवर्कचे जॅक (भिंतीवरची प्लगची खोबण) आणि पॅच पॅनल (सगळ्या केबलांची टोके एकत्र बसवायची पट्टी) बहुतेक करून ११० पद्धतीचे असतात. एका पद्धतीचे पाते दुसऱ्या पद्धतीच्या खाचेत दाबले तर खाच फाकते आणि तार सैल राहते. पाते बदलता येणारे टूल घ्यावे आणि दाबताना कापणारी बाजू नेहमी बाहेरच्या अंगाला, तारेच्या टाकाऊ टोकाकडे ठेवावी. उलटी धरली तर कामाची तारच कापली जाते.

याशिवाय दिव्यांचा केबल टेस्टर, केबल हुडकण्यासाठी टोनर आणि त्याची प्रोब, साधा मल्टिमीटर, स्पर्श न करता विजेचा दाब दाखवणारा पेनासारखा टेस्टर, पाइपातून केबल ओढण्यासाठी फिश टेप, वेल्क्रोच्या पट्ट्या, लेबले आणि डोक्याला बांधायचा दिवा एवढे साहित्य पुरते. पेनासारख्या त्या टेस्टरला कमी लेखू नये. मुंबईतल्या पुष्कळ जुन्या जागांत विजेच्या आणि डेटाच्या वायरी एकाच पाइपातून नेलेल्या आढळतात, त्यामुळे कोणत्याही पेटीत हात घालण्यापूर्वी तो आत फिरवावाच.

केबल ओढण्याचा क्रम

आधी कागदावर जागेचा नकाशा काढून रॅक (नेटवर्कची यंत्रे आणि पॅच पॅनल बसवायची चौकट) कोठे आणि प्रत्येक आउटलेट कोठे हे ठरवावे. मानकानुसार रॅकमधल्या पॅच पॅनलपासून भिंतीवरच्या आउटलेटपर्यंतची पक्की केबल ९० मीटरपेक्षा लांब नसावी, आणि दोन्ही बाजूंच्या पॅच कॉर्ड मिळून उरलेले १० मीटर. सात मजली इमारतीत ही मर्यादा सहसा आड येत नाही, परंतु लांबलचक चाळीत किंवा गिरणीच्या आवारात थाटलेल्या कार्यालयात ती ओलांडली जाऊ शकते, म्हणून मोजणी आधीच करावी.

विजेच्या वायरींपासून डेटाची केबल वेगळ्या पाइपातून किंवा वेगळ्या केसिंग पट्टीतून न्यावी. दोघींना एकमेकींना ओलांडावेच लागले तर काटकोनात ओलांडावे, शेजारी शेजारी लांबवर धावू देऊ नये. पाइपाचे पोट निम्म्याहून कमीच भरावे, कारण ठासून भरलेल्या पाइपातून नंतर एकही केबल बदलता येत नाही.

ओढण्यापूर्वी प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना तोच क्रमांक लिहिलेले लेबल लावावे आणि आवरणावर छापलेला मीटरचा आकडा वहीत टिपून ठेवावा. चांगल्या केबलवर दर मीटरला हा आकडा छापलेला असतो. काम संपल्यावर दुसऱ्या टोकाचाही आकडा टिपला की दोहोंच्या वजाबाकीतून केबलची नेमकी लांबी मिळते, आणि ती पुढे दोष शोधताना सोन्याच्या मोलाची ठरते. या कामाला कोणतेही यंत्र लागत नाही, तरी ते करणारा ठेकेदार विरळाच.

चार जोड्यांच्या केबलवर ११० न्यूटनपेक्षा, म्हणजे साधारण ११ किलो वजनाच्या ओढीपेक्षा जास्त ताण देऊ नये. एकाने वरून सोडावी आणि दुसऱ्याने खालून हळू ओढावी. केबल अडली तर हिसका न देता थोडी मागे घेऊन पुन्हा ओढावी, कारण हिसक्याने आतला पीळ ताणला जातो आणि तो दोष बाहेरून दिसत नाही. वळणाची त्रिज्या केबलच्या जाडीच्या चौपटीपेक्षा कमी होऊ नये, म्हणजे ६ मिलिमीटरच्या कॅट ६ केबलसाठी किमान २४ मिलिमीटर. प्लास्टिकचे टाय करकचून आवळण्याची सवय सोडावी आणि वेल्क्रो वापरावा. बाहेरून येणारी केबल भिंतीत शिरण्यापूर्वी तिला खाली झोळ द्यावा, म्हणजे पावसाचे पाणी त्या झोळाच्या तळाशी गळून पडते आणि केबलच्या वाटेने आत येत नाही.

दोन वेगळ्या इमारतींना, उदाहरणार्थ सोसायटीच्या ए आणि बी विंगना, तांब्याच्या केबलने जोडू नये. दोन्हींच्या अर्थिंगमध्ये फरक असू शकतो आणि जवळपास वीज कोसळली तर दोन्ही टोकांची यंत्रे एकदम जळू शकतात. तेथे फायबर टाकावी, तिच्यातून वीज वाहत नाही.

टोकांची जोडणी

भिंतीतल्या केबलच्या टोकाला थेट कनेक्टर लावण्यापेक्षा जॅक बसवावा आणि तेथून यंत्रापर्यंत तयार पॅच कॉर्ड घ्यावी. अखंड तार वारंवार हलवली की तुटते, तर जॅक भिंतीत स्थिर राहतो आणि हलण्याचा सगळा त्रास बदलता येण्याजोगी पॅच कॉर्ड सोसते. छतावरच्या कॅमेऱ्यासारख्या ठिकाणी थेट कनेक्टर लावणे भाग पडते, म्हणून दोन्ही रीती येणे आवश्यक आहे.

आपल्याकडे ५६८-बी हा रंगक्रम रूढ आहे. कनेक्टरची खिट्टी खाली आणि सोनेरी पट्ट्या वर धरून, तारा आत शिरण्याची बाजू स्वतःकडे ठेवल्यास डावीकडून उजवीकडे पांढरी-केशरी, केशरी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी असा क्रम लावावा. ५६८-ए या दुसऱ्या क्रमात केशरी आणि हिरव्या जोड्यांची अदलाबदल असते, बाकी काही नाही. कोणताही एक क्रम चालतो, पण संपूर्ण जागेत तोच राखावा.

या क्रमात हिरवी जोडी तिसऱ्या आणि सहाव्या जागी विभागलेली आहे आणि तिच्या मध्ये निळी जोडी बसली आहे, हे अनेकांना विचित्र वाटते. मग ते स्वतःच्या मनाने केशरी, हिरवी, निळी, तपकिरी अशा चारही जोड्या ओळीने लावून टाकतात आणि दुसऱ्या टोकालाही तेच करतात. टेस्टरचे आठही दिवे बिनचूक लागतात. प्रत्यक्षात मात्र तिसऱ्या आणि सहाव्या खाचेवर, जेथे एकमेकींना पिळलेली जोडी असायला हवी, तेथे दोन वेगवेगळ्या जोड्यांतली एकेक तार आलेली असते. पीळ असतो तो बाहेरचा गोंगाट दोन्ही तारांवर सारखाच पडावा आणि शेवटी वजा होऊन जावा यासाठी. जोडी फुटली की हा लाभ जातो, आणि शेजारच्या जोडीतला संदेश तिच्यात झिरपू लागतो. दोन-चार मीटरच्या तुकड्यावर हे खपून जाते, वीस-तीस मीटरवर मात्र वेग कोसळतो. फुटलेल्या जोडीचा हा दोष दिव्यांच्या टेस्टरला कधीही सापडत नाही. पारदर्शक कनेक्टरमधून रंग वाचणे, हाच त्यावरचा फुकटचा उपाय आहे.

जॅकची जोडणी करताना सुमारे ३ सेंटिमीटर आवरण काढावे, तारांवर काप गेला नाही ना हे पाहावे, जोड्या जॅकवर छापलेल्या बी रांगेच्या रंगांप्रमाणे खाचांजवळ आणाव्यात आणि पीळ अगदी खाचेपर्यंत टिकवून मगच तारा वेगळ्या कराव्यात. उलगडलेला भाग १३ मिलिमीटरपेक्षा जास्त नसावा. काम नीटनेटके दिसावे म्हणून दोन-दोन इंच तारा सरळ करून ठेवणारे कारागीर असतात, आणि त्यांचे काम फोटोत खरोखर सुंदर दिसते, पण नेटवर्कला ती सुंदरता मानवत नाही.

कनेक्टर लावताना तारा सरळ करून, क्रमाने बोटांत घट्ट धरून, सुमारे १३ मिलिमीटर लांबीवर एका रेषेत कापाव्यात आणि आत सरकवाव्यात. दाबण्यापूर्वी दोन गोष्टी तपासाव्यात. आठही तारांची टोके कनेक्टरच्या पुढच्या भिंतीला टेकलेली हवीत, आणि बाहेरचे आवरण मागच्या दाबपट्टीच्या आत गेलेले हवे. आवरण बाहेर राहिले तर सगळा ताण बारीक तारांवर येतो.

तपासणीचा क्रम

सर्वप्रथम दिव्यांचा टेस्टर लावावा. केबलचे एक टोक मुख्य भागात आणि दुसरे सुट्या भागात घालून दोन्हींवरचे दिवे पाहावेत. एखादा दिवा लागलाच नाही तर ती तार तुटलेली किंवा कनेक्टरमध्ये बसलेली नाही. एका बाजूला तिसरा लागताना दुसरीकडे सहावा लागला तर क्रम चुकलेला आहे, आणि दोन दिवे एकदम मंद लागले तर दोन तारा एकमेकींना चिकटल्या आहेत. दुसरे टोक चालू नेटवर्क स्विचमध्ये, म्हणजे अनेक यंत्रे एकमेकांना जोडणाऱ्या पेटीत, असताना हा टेस्टर लावू नये. मानकाप्रमाणे वागणारा पीओई स्विच, म्हणजे डेटाच्याच केबलवरून वीज पुरवणारा स्विच, समोर योग्य यंत्र आहे याची खात्री केल्याशिवाय वीज सोडत नाही, परंतु स्वस्त स्विच आणि केबलमध्ये वीज घालणारे इंजेक्टर काही न विचारता ४८ व्होल्ट सोडतात आणि टेस्टर जागीच जळतो.

त्यानंतर केबल प्रत्यक्ष स्विच आणि लॅपटॉपला जोडून जोडणीचा वेग वाचावा. विंडोजमध्ये तो नेटवर्क सेटिंगमध्ये दिसतो, लिनक्समध्ये एथटूल ही आज्ञा तो सांगते. दोन्ही यंत्रे गिगाबिटची असूनही तेथे १०० एमबीपीएस दिसले, तर केबलवर संशय घेण्यास जागा आहे. १००चा वेग फक्त १, २, ३ आणि ६ या चार तारांवर चालतो, गिगाबिटला आठही लागतात. त्यामुळे निळी किंवा तपकिरी जोडी सैल असली की बहुतेक यंत्रे गुपचूप १००वर उतरतात आणि वापरणाऱ्याला इंटरनेट मंद आहे एवढेच जाणवते. सेवा देणाऱ्याशी भांडण्यापूर्वी हा आकडा पाहावा. शेवटी दोन यंत्रांमध्ये एखादी मोठी फाइल दहा-पंधरा मिनिटे फिरवून स्विचच्या पोर्टवरच्या त्रुटींची संख्या वाढते का ते पाहावे. ती वाढत असेल तर फुटलेली जोडी, उलगडलेला पीळ किंवा विजेच्या वायरीचे सान्निध्य यांपैकी काही तरी आहे.

केबल तिच्या वर्गाच्या सर्व निकषांत बसते असे लेखी प्रमाणपत्र फक्त सर्टिफायर देतो. फ्लूकसारख्या कंपन्यांची ही यंत्रे फार महाग असतात, म्हणून विकत घेण्याचा विचार लहान कार्यालयाने करू नये. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या मोठ्या कार्यालयाच्या कामात हे अहवाल करारातच मागितले जातात. पन्नासाहून जास्त आउटलेट असतील तर आपणही ते मागावेत.

दोष शोधताना

चालू असलेली जोडणी बंद पडली, तर स्वस्त आणि जवळच्या शक्यता आधी संपवाव्यात. दोन्ही बाजूंच्या पॅच कॉर्ड बदलून पाहाव्यात, कारण खुर्चीच्या चाकाखाली चिरडली जाते ती तीच. मग स्विचचा पोर्ट बदलावा, मग दुसरा लॅपटॉप लावावा. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, नाहीतर दोष गेला तरी तो कशाने गेला हे कळत नाही. एवढे करूनही उपयोग झाला नाही, तरच भिंतीतल्या केबलकडे वळावे.

लेबले नसलेल्या रॅकमध्ये चाळीस केबलांमधली नेमकी कोणती, हे टोनर सांगतो. आउटलेटच्या बाजूला टोनर लावायचा आणि रॅककडे प्रोब प्रत्येक केबलजवळ नेऊन आवाज कोठे सर्वांत मोठा येतो ते ऐकायचे. आवाज क्षीण येत असेल तर टोनरच्या दोन चिमट्या एकाच जोडीला न लावता दोन वेगळ्या जोड्यांतल्या एकेका तारेला लावाव्यात. जोडीचा पीळ आवाजही दाबून टाकतो, हे त्याचे कारण आहे. दुसरे टोक स्विचमध्ये असेल तर साध्या टोनरचा आवाज स्विच गिळून टाकतो, म्हणून केबल आधी काढावी.

तार मध्येच कोठे तुटली आहे, हे टीडीआर सांगतो. तो केबलमध्ये विजेचा स्पंद सोडतो, तुटलेल्या जागेवरून तो परतायला किती वेळ लागला हे मोजतो आणि त्यावरून अंतर काढतो. स्पंदाचा वेग प्रकाशाच्या वेगाच्या साधारण दोन तृतीयांश असतो, परंतु केबलगणिक त्यात थोडा फरक पडतो. त्यामुळे त्याच केबलच्या ठाऊक लांबीच्या, शक्यतो वीस मीटरहून मोठ्या तुकड्यावर आधी यंत्र जुळवून घ्यावे. ही सोय मध्यम किमतीच्या टेस्टरमध्ये मिळते आणि सिस्कोच्या कॅटॅलिस्टसारख्या अनेक व्यवस्थापित स्विचमध्येही असते, म्हणून नवे यंत्र घेण्यापूर्वी आपल्याच स्विचची पुस्तिका चाळावी. येथे वहीत टिपलेले मीटरचे आकडे कामी येतात. रॅकच्या टोकाला २१४ आणि खोलीच्या टोकाला २५१ असे आकडे असतील तर केबल ३७ मीटरची आहे, आणि टीडीआरने रॅकपासून ३१ मीटरवर तुटल्याचे दाखवले तर छतावर चढून २४५ हा आकडा शोधायचा. तेथे बहुधा उंदराचे दात किंवा सुताराचा स्क्रू सापडतो.

कॅमेरा दिवसा चालतो आणि रात्री बंद पडतो, ही सोसायट्यांमधली नेहमीची तक्रार असते, आणि तिचे मूळ पुष्कळदा केबलमध्ये असते. अंधार पडला की कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड दिवे लागतात आणि त्याला जास्त विद्युतप्रवाह लागतो. स्वस्त मांडणीत डेटा केबलच्या निळ्या आणि तपकिरी जोड्यांवरून थेट १२ व्होल्ट पाठवले जातात. अशा ४० मीटरच्या तांब्याच्या कॅट ५ई केबलवर अर्धा अँपिअर वाहिला तर दीड ते पावणेदोन व्होल्ट वाटेतच खर्ची पडतात, आणि अॅल्युमिनियमच्या तारेवर ही घट अडीच व्होल्टच्या आसपास जाते. कॅमेऱ्याला साडेनऊच व्होल्ट मिळाले की तो पुन्हा पुन्हा बंद होऊन चालू होतो. मल्टिमीटरने व्होल्ट मोजायचे ते कॅमेरा जोडलेला आणि त्याचे दिवे लागलेले असताना. मोकळ्या टोकाला मोजले तर पूर्ण १२ दिसतात आणि दिशाभूल होते. खऱ्या पीओईमध्ये दाब ४४ ते ५७ व्होल्ट असल्याने प्रवाह कमी लागतो आणि ही अडचण बरीच कमी होते, म्हणून नव्या कामात तीच पद्धत वापरावी. २००३च्या मूळ मानकानुसार एका पोर्टमधून १५.४ वॉट आणि २००९च्या सुधारणेनुसार ३० वॉट मिळतात. फिरत्या कॅमेऱ्यासाठी ३० वॉटचा स्विच घ्यावा.

फायबरविषयी थोडेसे

आता बहुतेक फ्लॅटमध्ये इंटरनेट फायबरने येते, आणि तिचा दोष तांब्याच्या अवजारांनी सापडत नाही. ऑप्टिकल पॉवर मीटर, म्हणजे प्रकाशाची ताकद मोजणारे यंत्र, १४९० नॅनोमीटर तरंगलांबीवर ठेवून घरातल्या टोकाला मोजावे. जीपॉन या घरगुती फायबरच्या पद्धतीतल्या सर्वाधिक प्रचलित बी-प्लस वर्गात घरातल्या यंत्राची क्षमता उणे २७ डीबीएमपर्यंतचा (डीबीएम हे प्रकाशाच्या ताकदीचे एकक) क्षीण प्रकाश वाचण्याची असते, त्यामुळे आकडा उणे २५च्या खाली गेला असेल तर पावसाळ्यात जोडणी तुटणार हे गृहीत धरावे. दुरुस्तीची सुरुवात कनेक्टर पुसण्यापासून करावी, कारण मळ हे सर्वांत मोठे कारण असते. हिरवा कनेक्टर निळ्या कनेक्टरला जोडू नये, कारण हिरव्याचे टोक तिरके घासलेले असते आणि दोघांच्या मध्ये फट राहते. लाल प्रकाशाचा दोषदर्शक पेन लावल्यास जेथे फायबर फार वाकली किंवा मोडली असेल तेथे आवरणातून लाल उजेड झिरपताना दिसतो. केबलच्या टोकात डोकावून कधीही पाहू नये, कारण डेटा वाहणारा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण इजा करू शकतो. कापलेल्या फायबरचे कण चिकटपट्टीवर गोळा करून झाकणाच्या डबीत टाकावेत. फायबर जोडण्याचे स्प्लायसर यंत्र मात्र ज्याचे ते रोजचे काम आहे त्याच्याकडेच असू द्यावे.

काम ठेकेदाराकडून करून घेतले असेल, तर पैसे चुकते करण्यापूर्वी त्याच्याकडून नकाशा, प्रत्येक केबलचा क्रमांक, दोन्ही टोकांचे मीटरचे आकडे आणि मोजलेला जोडणीचा वेग एवढे लिहून घ्यावे आणि त्याची एक प्रत रॅकच्या दारामागे चिकटवावी. गच्चीवरून केबल गेली असेल तर करारात असेही घालावे की शेवटचा हप्ता सप्टेंबरअखेरीस, त्या केबलांचा वेग आणि रोध पुन्हा मोजल्यानंतर दिला जाईल.